खराटाधारी संत श्री गाडगे महाराज

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना एक मोठा पट्टा आहे. तिकडचे लोक त्याला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमीन काळी आणि कसदार, कापूस उत्तम येतो. पण विहीर खणली तर पाणी खारट लागते. पिण्याला गोडे पाणी हवे असेल तर नदी गाठावी लागे. या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्या श्री संत गाडगे महाराजांनी पुढे आयुष्यभर नदीकाठच्या, विहिरीकाठच्या आणि रस्त्याकाठच्या जागा झाडल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवून त्यांचे चरित्र वाचले म्हणजे त्यांच्या हातातील खराट्याचा अर्थ नीट लागतो.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव हे लहानसे खेडे आहे. जुन्या लिखाणात त्याचे नाव शेणगाव असे येते. तेथे दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी व सखूबाई जाणोरकर या परीट दांपत्याच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. नाव ठेवले डेबूजी. घरचा धंदा लोकांचे कपडे धुण्याचा. गावाचा मळ ज्याने नदीवर नेऊन धुवायचा, त्यालाच गावाने खालच्या पायरीवर बसवायचे, अशी त्या काळची रीत होती. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले, घर खचले आणि १८८४ साली, डेबूजी अवघे आठ वर्षांचे असताना, ते वारले. सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या.

दापुऱ्यास आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजींनी गुरे राखली, पुढे नांगर धरला. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. मामांनी सावकाराचे कर्ज काढले होते. त्यांनी ते फेडत आणले, पण पावती घेतली नाही. वाचता येत नव्हते आणि सावकाराच्या शब्दावर विश्वास होता. वहीत कर्ज तसेच उभे राहिले आणि चांगली जमीन त्यात अडकली. मामांनी हाय खाल्ली व त्यातच ते गेले. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजींनी त्यांना शेतात औत घालू दिले नाही, ही हकीकत त्या भागात प्रसिद्ध आहे. आपल्या हाती कागद नसला म्हणजे काय होते, हे त्यांना तेव्हाच कळले. पुढे याच निरक्षर माणसाने लाखो रुपयांच्या इमारतींची विश्वस्तपत्रे मोठ्या बारकाईने करून घेतली. त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात सापडते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या पंगतीत दारू आणि मटण देण्याची चाल होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण पंगत उठली नाही. साध्या शेतकऱ्याने जातीची रीत मोडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वडील दारूने गेले होते, ते दुःख या बारशामागे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात त्यांनी घर सोडले. वयाचे एकोणतिसावे वर्ष चालू. घरी आई, बायको, मुले. या गृहत्यागाने कुंताबाईंच्या वाट्याला काय आले असेल याचा विचार चरित्रकार सहसा करीत नाहीत; तो केला पाहिजे. पुढील बारा वर्षे डेबूजी गावोगाव हिंडत राहिले. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर आणि हातात काठी किंवा खराटा. भाकरी मिळाली की तीच खापरी काढून त्यात खायची, पाणीही त्यातच प्यायचे. कोणी त्यांना गोधडे महाराज म्हणे, कोणी चिंधेबुवा. शेवटी खापराच्या गाडग्यावरून गाडगे महाराज हे नाव कायम झाले.

त्यांच्या कामाची खरी सुरुवात ऋणमोचन येथे झाली. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे मुद्गलेश्वराचे क्षेत्र. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते आणि लोक नदीत स्नान करतात. काठची माती काळी, चिकण. शेकडो ओल्या पायांनी तिचा असा चिखल होई की म्हाताऱ्या बायका आणि कडेवर मूल घेतलेल्या लेकी घसरून पडत. देवाला जाऊन आलेल्या माणसाचा हातपाय मोडला तर त्याला विचारणारे कोणी नसे. डेबूजी यात्रेला जात तेव्हा दर्शनाच्या रांगेत नसत. कुदळ घेऊन दरडीला पायऱ्या खोदायच्या, लोकांना हात देऊन वर घ्यायचे आणि यात्रा उठली की मागे उरलेली घाण झाडायची, हा त्यांचा नेम. पण मातीच्या पायऱ्या पुढच्या पावसात वाहून जात. हे दरवर्षीचे काम कायमचे मिटावे म्हणून त्यांनी लोकांकडून पैसा आणि श्रम गोळा केले आणि १९०८ साली तेथे पक्का घाट बांधला. लक्ष्मीनारायणाचे मंदिरही तेथे त्यांच्याच खटपटीने झाले. देऊळ आणि घाट या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या हातून झाल्या, हे देवळाच्या कामाला हात लावणाऱ्या कोणत्याही गावाने पाहण्यासारखे आहे.

खराट्यापासून दगडापर्यंतचा हा प्रवास महाराजांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसतो. झाडलेली जागा उद्या पुन्हा घाण होते, बांधलेला घाट टिकतो. आणि घाटही सांभाळला नाही तर ढासळतो, म्हणून त्याच्यामागे विश्वस्त आणि हिशेबाची वही लागते. खराटा, दगड आणि कागद अशी ही तीन पावले. लोकांच्या लक्षात खराटाच राहिला, कारण तो डोळ्यांना दिसतो.

महाराजांची गावात येण्याची पद्धत ठरलेली होती. ते न कळवता येत, वेशीपासून झाडायला सुरुवात करीत. रस्ता झाला की गटार, गटार झाले की विहिरीभोवतीचा चिखल. गावातली पोरे आधी हसत, नंतर जवळ येत. दुपारपर्यंत चार माणसे खराटे घेऊन सामील झालेली असत. पाटील आला तर पाटलाच्या हातात खराटा देत, कुलकर्णी आला तर त्याच्याही. यातली मेख आज पटकन ध्यानात येत नाही. झाडणे, मैला उचलणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे गावाने ठरावीक जातींच्या माथी मारलेली होती. घाण करायची सर्वांनी आणि काढायची कोणी एकाने, हा गावगाड्याचा नियम होता. महाराजांनी त्यावर व्याख्यान देण्याऐवजी वरच्या आळीतल्या माणसाला गटारात उतरवले. स्वच्छतेचे महत्त्व त्यांच्या आधीही लोकांना सांगितले गेले होते. पण ते काम कोणा एका जातीचे नाही, हे त्यांच्याइतके उघडपणे कोणी करून दाखवले नव्हते. जेवणाचे आमंत्रण आले तर ते आधी काम करीत, मग भाकरी घेत. फुकटची भाकरी त्यांनी आयुष्यात घेतली नाही.

रात्री त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन. वीणा नाही, पुराणातील दाखले फारसे नाहीत. साध्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या लोकांना एकामागून एक प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून लग्न करू नये, दारू पिऊ नये, मुलांना शाळेत घालावे, शिवाशीव पाळू नये, देवापुढे मुके जनावर कापू नये, हे त्यांचे विषय. हजारो माणसे रात्र रात्र बसत. कीर्तन संपले की लोक पाया पडण्यास पुढे येईपर्यंत महाराज अंधारात निघून गेलेले असत. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला मंत्र दिला नाही.

गटार साफ करणे आणि बकरे कापण्यास विरोध करणे, या दोन गोष्टी वरवर वेगळ्या वाटतात. त्या काळात त्यांचा फार जवळचा संबंध होता. पटकी म्हणजे कॉलरा गावात शिरला की दोन दिवसांत घरेच्या घरे रिकामी होत. लोक त्याला मरीआईचा कोप समजत आणि तो शमवण्यासाठी कोंबडी-बकरी कापत. वास्तविक लंडन शहरात जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने १८५४ सालीच दाखवून दिले होते की कॉलरा पिण्याच्या पाण्यातून पसरतो. एका पंपाचे पाणी पिणारेच तेथे अधिक मेले होते. १८८४ साली, म्हणजे डेबूजींचे वडील वारले त्याच वर्षी, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले. पण ही विद्या वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत कोण नेणार? आजाऱ्याचा मैला उघड्यावर पडतो, पावसाने किंवा धुण्याने तो विहिरीत अथवा नदीत उतरतो, तेच पाणी घागरीत येते आणि हात न धुता घातलेल्या तांब्यातून घरभर जाते. एवढी साधी साखळी आहे. ती कोठेही तुटली तरी माणूस वाचतो. महाराजांनी जंतू पाहिले नव्हते, पण विहिरीभोवतीचा चिखल आणि घाण काढून साखळीची पहिली कडी ते तोडत होते आणि रात्रीच्या कीर्तनात बकऱ्याचा जीव वाचवीत होते.

यात्रांच्या ठिकाणी हा धोका शतपट होता. पंढरपुरास आषाढीला लाखो माणसे जमत. राहण्याची सोय नाही, शौचाची नाही. चंद्रभागेच्या वाळवंटातच सर्व विधी होत आणि त्याच चंद्रभागेचे पाणी तीर्थ म्हणून घेतले जाई. वारीत पटकीने माणसे मरणे ही वारकरी घरांना ठाऊक असलेली गोष्ट होती. महाराज दरवर्षी पंढरीस जात. त्यांचा मुक्काम वाळवंटात, हातात खराटा. कळसाला दुरून हात जोडून ते झाडायला लागत. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्या वेळी देवळाचे दार बंदच होते. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केल्यानंतर ते उघडले. पण दार बंद असण्याइतकीच दुसरी अडचण होती. या माणसांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा नव्हती. कोणी ओसरीवर येऊ देत नसे, कोणी विहिरीवर येऊ देत नसे. पावसात भिजत, नदीचे पाणी पीत त्यांनी वारी करायची. महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. एक अभंगकर्ता संत ज्या जातीत जन्मला त्याच जातीच्या वारकऱ्याला डोक्यावर छप्पर मिळायला शतके जावी लागली.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून येथे नमूद केले पाहिजे की शुद्ध पाणी आणि मोकळे पाणी हे त्या काळी दोन वेगळे प्रश्न होते. विहीर स्वच्छ असूनही तिच्यावर जाण्याची मुभा नसेल तर तिचा उपयोग काय? मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, पण गावोगाव तो कागदावरच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यानंतर कोर्टकचेरी सुरू झाली आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. तळ्याच्या चार घोट पाण्यासाठी दहा वर्षे! गाडगे महाराजांचा मार्ग वेगळा होता, ते कोर्टात गेले नाहीत आणि सत्याग्रहही केला नाही. पण त्यांच्या धर्मशाळांमध्ये येणाऱ्याला जात विचारली जात नसे. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. १४ जुलै १९४९ रोजी महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपण उभी केलेली इमारत जिवंतपणी दुसऱ्याच्या हाती देणे किती जणांना जमते?

धर्मशाळा हा महाराजांच्या कामाचा मोठा भाग. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी या क्षेत्री त्यांनी त्या बांधल्या. आपल्या भागाशी त्यांचा संबंध येतो तो येथे. वाकडच्या उत्तरेला इंद्रायणीच्या काठी देहू आणि पुढे आळंदी. मावळ, मुळशी आणि हवेलीतील वारकरी पिढ्यान् पिढ्या या वाटांनी जात आले आहेत. बिजेला देहूस आणि कार्तिकीला आळंदीस उतरणाऱ्या गरीब माणसाला चार भिंतींचा आडोसा मिळाला, तर बायाबापड्यांची केवढी कुचंबणा टळते हे सांगायला नको. पुरुष उघड्यावर कोठेही आंघोळ करतो, पण बाईला पहाटेच्या अंधाराची वाट पाहावी लागते. संतचरित्रांत ही गोष्ट लिहिलेली सापडत नाही. महाराजांना मात्र धर्मशाळेची गरज कोणाला सर्वात जास्त आहे हे बरोबर समजले होते.

यासाठी पैसा लोकांनी दिला. शेतकऱ्याने चार आणे दिले, मुंबईच्या व्यापाऱ्याने हजारो दिले. महाराजांनी त्यातला पैसा स्वतःच्या हाताला लागू दिला नाही. इमारत झाली की विश्वस्त नेमायचे, कागद करायचा, आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काहीही हक्क राहणार नाही अशी तजवीज त्यातच करून ठेवायची, ही त्यांची रीत. लाखांच्या इमारती बांधणाऱ्याचे कुटुंब झोपडीत राहिले. मामांची जमीन कागदामुळे गेली होती; लोकांची मिळकत कोणा एकाच्या घरात जाऊ नये म्हणून त्यांनी कागदाचाच उपयोग केला. सार्वजनिक कामाचा हिशेब ज्यांनी कधी सांभाळला असेल त्यांना यातली कदर कळेल.

१९२३ च्या मे महिन्यात कोकणात खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही हकीकत अनेकदा वैराग्याचा कळस म्हणून सांगतात. कुंताबाई त्या वेळी कोठे होत्या आणि त्यांनी ते कसे सोसले, हे मात्र कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात महाराजांच्या कामाला शहरातही तोंड फुटले. खेड्यातून आजाऱ्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यावे तर त्याला खाट मिळे, पण सोबतच्या माणसांनी राहायचे कोठे? ती फुटपाथवर दिवस काढीत, तेथेच तीन दगडांवर शिजवीत, तेथेच झोपत. एक आजारी बरा करायला आणलेला असे आणि दोन नवे आजारी पडत. महाराजांनी जे. जे. इस्पितळाजवळ अशा नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. १९५२ साली त्यांच्या सर्व कामांसाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ ओळखून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराड येथे काढलेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या नावाने कॉलेज निघाले, आणि पुढे २००५ साली अमरावती विद्यापीठालाही त्यांचेच नाव मिळाले.

१९५६ साली महाराजांची प्रकृती ढासळली. तरी नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे त्यांनी कीर्तन केले. ते शेवटचे ठरले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच महाराजांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे, त्या वस्तीला गाडगेनगर म्हणतात. पूर्णेच्या काठी सुरू झालेले आयुष्य पुन्हा एका नदीच्या काठीच संपले.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी महाराष्ट्र शासनाने २०००-२००१ या वर्षात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आणि अभियानामागे त्यांचा जोर होता. गावांची तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा लागली. तपासणी समिती गावात आली की विहिरीचा कठडा, हातपंपाचा ओटा, सांडपाण्याचे शोषखड्डे, शाळेची मुतारी, घरोघरचे संडास, पाण्याच्या माठाला ओगराळे आहे की नाही, हे सर्व पाही. बक्षिसाच्या रकमेच्या कितीतरी पट काम लोकांनी श्रमदानाने केले. काही गावे पुढील वर्षी होती तशी झाली, हेही खरे आहे. समिती येणार म्हणून झाडलेले गाव समिती गेल्यावर कोण झाडणार? जेथे संडास, गटार आणि नळ पक्के झाले आणि पाणीपट्टी नियमित भरली गेली, ती गावे टिकली. म्हणजे खराटा, दगड आणि कागद ही महाराजांची तीन पावले तेथे पुरी झाली होती.

वाकड १९९७ सालीच पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले होते, त्यामुळे ग्रामपंचायतींची ती स्पर्धा वाकडच्या वाट्याला आली नाही. त्यापूर्वीचे वाकड म्हणजे मुळेच्या काठची शेती, मळे, विहिरी. आता पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीला शुद्ध होते आणि नळाने घरोघर जाते. ज्या आयांनी डोक्यावर हंडे वाहिले त्यांना नळाचे मोल ठाऊक आहे. परंतु शहर पाण्यापेक्षा वेगाने वाढले. नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झाले, उंच इमारतींपुढे टँकर उभे राहू लागले. नळ आला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही, याची आठवण जानेवारी २०२५ मध्ये पुणेकरांना झाली. सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या, शहरात नव्याने आलेल्या गावांत हातापायांची ताकद जाणाऱ्या जीबीएस आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय दूषित पाण्यावर आला. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन किती, पाण्याच्या नळाजवळून मैल्याची वाहिनी जाते काय, हे प्रश्न पुन्हा घराघरांत विचारले जाऊ लागले. जॉन स्नोच्या पंपाला तेव्हा एकशे सत्तर वर्षे झाली होती.

जगाचा विचार केला तर गोष्ट याहून मोठी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी शुद्ध पाणी आणि शौचाची सोय हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. तरी २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे २२० कोटी माणसांना घरापाशी, हवे तेव्हा आणि खात्रीचे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. आफ्रिकेतील आणि आशियातील कितीतरी गावांत आजही बाई पहाटे हंडा घेऊन निघते, जशी ती कधी दापुऱ्याहून पूर्णेवर जात असे.

देहू-आळंदीची इंद्रायणी अलीकडच्या वर्षांत अनेकदा पांढऱ्या फेसाने भरून वाहताना दिसली. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी नदीत येते, हे त्याचे कारण. या भागातल्या घरांची चूल त्याच कारखान्यांवर पेटते, हेही विसरता येत नाही. वारकरी तो फेस हाताने बाजूला सारून स्नान करतात आणि पात्रातून वर येऊन घाटाच्या पायऱ्या चढतात. आळंदीत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. कार्तिकीला तेथे उतरणारे वारकरी पहाटे उठून याच नदीकडे निघतात.